ज्याने गाडी विकली, तो कागदावर फक्त साक्षीदार होता

बाबांना महिन्यातून दोनदा पुण्याला दवाखान्यात न्यावं लागत होतं आणि एसटीचा प्रवास त्यांना झेपेना, म्हणून जुनी गाडी घ्यायचं ठरलं. हाताशी चार लाख होते. ऑनलाइन जाहिराती बघताना एक मनात बसली: ‘घरची गाडी, मालकाकडून थेट, एजंटांनी फोन करू नये.’ पेट्रोल हॅचबॅक, २०१५ चं मॉडेल, ५४,००० किलोमीटर, फर्स्ट ओनर. ती शेवटची ओळ वाचून मला किती हायसं वाटलं होतं ते आजही आठवतं. दलाल नको, हाच तर आमचा निकष होता.

१८ फेब्रुवारी २०२४, रविवार. पुण्यात एका सोसायटीच्या गेटबाहेर गाडी उभी होती, धुऊन-पुसून. माणूस अगदी अदबीने बोलणारा. “ताई, भावाची गाडी आहे. त्याची बदली झाली बंगळूरला, इथे नुसती पडून आहे. मिसेसच चालवायच्या, म्हणून एवढी जपलेली.” बाबांनी विचारलं, भावाशी फोनवर बोलता येईल का? “काका, तो मीटिंगमध्ये असतो दिवसभर. मी आहे ना.” आम्ही चक्कर मारली, एसी लावून बघितला, एमपरिवहन या सरकारी अॅपवर नंबर टाकला. फर्स्ट ओनर खरंच होता, चलन बाकी नव्हतं, विमा चालू होता. ३,८५,००० ला सौदा ठरला. वीस हजार टोकन यूपीआयने जागेवर दिलं, उरलेले ३,६५,००० मंगळवारी आरटीजीएसने पाठवले.

त्या मंगळवारी शंभराच्या स्टॅम्पपेपरवर करारनामा झाला. विकणार म्हणून आरसीवरच्या मालकाचं नाव आणि सही आधीच केलेली होती. घेणार म्हणून मी सही केली. ज्याने गाडी दाखवली, भाव ठरवला, पैसे घेतले आणि किल्ली हातात दिली, त्याने सही केली ती साक्षीदार म्हणून. गाडी नावावर करण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वरही मालकाच्या सह्या होत्या, बाकीचे रकाने कोरे होते. “एजंट भरेल ताई.” एजंटने भरले, आठ हजार घेतले, आणि १५ मार्चला आरसी माझ्या नावावर झाली.

त्याआधीच, ३ मार्चला, पुण्याहून परतताना खंबाटकी घाट चढत असताना तापमानाचा काटा लालवर गेला. बाबा मागच्या सीटवर आडवे होते. गाडी कडेला घेतली, बॉनेटमधून वाफ येत होती. तास-दीड तास उन्हात थांबलो. गावात आल्यावर मेकॅनिकदादांनी कुलंटच्या टाकीचं झाकण उघडलं आणि आत बोट फिरवून मला दाखवलं: पाण्यावर तेलाचा तवंग, चहावर येणाऱ्या सायीसारखा. “मॅडम, हेड गॅस्केट गेलंय आणि नुसतं वरवर सारवून विकलीय. हे इंजिन चौपन्न हजाराचं नाही.” हेड गॅस्केट म्हणजे इंजिनमधलं तेल आणि पाणी वेगळं ठेवणारं सील.

कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये मी आरसी नावावर झाल्यावर गेले, कारण सर्व्हिस हिस्टरी ते नोंदणीकृत मालकालाच देतात. छापील कागद मिळाला. शेवटची नोंद ऑगस्ट २०२२ ची होती, किलोमीटर १,१८,४०६. दीड वर्षापूर्वी एक लाख अठरा हजार चाललेली गाडी मी चौपन्न हजार म्हणून घेतली होती. काउंटरवरच्या मुलीने कागदावर शिक्का मारून दिला. तो शिक्का पुढे फार कामाला आला, म्हणून सांगते: असा कागद नुसता व्हॉट्सअॅपवर घेऊ नका, शिक्का-सहीनिशी घ्या. आणि शक्य असेल तर गाडी घेण्याआधीच विकणाऱ्याला सोबत नेऊन काढून घ्या. ज्याची गाडी चांगली आहे, त्याला अर्धा तास द्यायला अडचण नसते.

फोन केला तेव्हा तोच अदबशीर माणूस म्हणाला, “मी कुठे डीलर आहे? भावाची गाडी होती. तुम्ही बघून, चालवून घेतलीत. आता माझा काय संबंध?” दुसऱ्या फोननंतर नंबर ब्लॉक झाला.

मला वाटलं होतं, गाडी खराब निघाली की भांडायचं असतं ते खराबीवर. तसं नाही. आधी भांडायचं असतं ते समोरचा कोण आहे यावर. वस्तुविक्री अधिनियम १९३० चं कलम १६ सांगतं की साधारणपणे घेणाऱ्याने पारखून घ्यावं, मालाच्या दर्जाची हमी विकणाऱ्यावर आपोआप येत नाही. पण विकणारा त्याच प्रकारच्या मालाचा व्यवहार करणारा असेल, तर माल विकण्याजोग्या दर्जाचा असलाच पाहिजे, आणि वरवर बघून न कळणाऱ्या दोषातून तो सुटत नाही. ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९ चंही तेच. ग्राहक आयोगात दाद मागायची ती व्यापाऱ्याविरुद्ध. शेजाऱ्याने आपली एकच गाडी विकली आणि खोटं बोलला, तर करार अधिनियमाखाली फसवणूक म्हणून दिवाणी न्यायालयाचा रस्ता आहे, पण तो लांबचा आणि खर्चाचा. म्हणून ‘मी साधा मालक’ हे सोंग फार मोलाचं असतं. व्यापारी म्हटला की गाडीच्या दर्जाची जबाबदारी येते, नोंदणीकृत असेल तर नफ्याच्या फरकावर जीएसटी येतो, आरटीओची परवानगी लागते. ‘भावाची गाडी’ म्हटलं की हे सगळं एका फटक्यात गळून पडतं. माझ्या मते ‘एजंटांनी फोन करू नये’ ही ओळ त्या जाहिरातीतली सगळ्यात मोठी फसवणूक होती, मीटरपेक्षाही मोठी.

तेव्हा मी पुरावे गोळा करायला बसले. रात्री बाबा झोपल्यावर जेवणाच्या टेबलावर.

पहिला पुरावा माझ्याच फोनमध्ये होता. टोकन दिलं तेव्हाचा यूपीआयचा स्क्रीन उघडला, तर पैसे घेणाऱ्याच्या जागी माणसाचं नाव नव्हतंच. एका मोटर्सचं नाव होतं. आरटीजीएसची पावती बघितली, तर खातंही त्याच नावाचं. गडबडीत मी फक्त रक्कम वाचली होती. तुम्ही पैसे पाठवण्याआधी नाव वाचा. आरसीवरचं नाव आणि खात्यावरचं नाव वेगळं असेल तर तिथेच थांबा.

दुसरा: तोच मोबाइल नंबर जाहिरातींच्या साइटवर शोधला. अकरा गाड्या. प्रत्येक ‘घरची’. कुठे मेव्हण्याची, कुठे मित्राची. सगळ्यांचे स्क्रीनशॉट घेतले, तारीख-वेळ दिसेल असे. दोन दिवसांनी त्यातल्या सात जाहिराती गायब होत्या, त्यामुळे हे काम उद्यावर टाकू नका.

तिसरा पुरावा माणसाच्या रूपात आला. डॅशबोर्डच्या कप्प्यात, मॅन्युअलच्या पानात एक जुनं सर्व्हिसचं बिल अडकलेलं होतं, त्यावर मूळ मालकाचा नंबर. भीत भीत फोन लावला. पलीकडे एक निवृत्त गृहस्थ. ते कधी बंगळूरला राहिलेच नव्हते आणि त्यांना भाऊही नव्हता. “अहो ताई, मी ती गाडी नोव्हेंबरमध्येच विकली त्याला. दोन लाख दहा हजाराला. अजून माझ्या नावावर होती हे मला तुमच्याकडून कळतंय.” त्यांचा आवाज बदलला तो पुढच्या वाक्याला: “म्हणजे मधे कोणाला धडकली असती तर मी अडकलो असतो?” हो, अडकले असते. सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या २०१८ च्या निकालात हेच म्हटलंय की आरसीवर ज्याचं नाव, अपघाताच्या भरपाईला तोच मालक.

त्या गृहस्थांकडे, मी त्यांना काकाच म्हणू लागले, डिलिव्हरी नोट होती, म्हणजे गाडी ताब्यात दिल्याचा कागद. त्यांनी ती जपून ठेवली होती याबद्दल मी त्यांची कायम ऋणी राहीन. तारीख, वेळ, किलोमीटर १,३१,९०० आणि खाली त्याच मोटर्सचा गोल शिक्का. एका रविवारी मी त्यांच्या घरी गेले, त्यांनी कागद दाखवला, चहा दिला आणि विचारलं, “प्रतिज्ञापत्र लागेल का?” मला मागायचा संकोच वाटत होता, त्यांनी स्वतःहून दिलं.

चौथा पुरावा दहा रुपयांत मिळाला. जुन्या नोंदणीकृत गाड्यांचा धंदा करणाऱ्यांसाठी केंद्रीय मोटार वाहन नियमांत २२ डिसेंबर २०२२ च्या अधिसूचनेने नियम ५५अ पासून पुढचे नियम घातले, ते १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. डीलरने आरटीओकडून अधिकारपत्र घ्यायचं, आणि मालकाने गाडी त्याच्या ताब्यात दिली की दोघांनी मिळून ते ऑनलाइन कळवायचं. तसं कळवलं की डीलर मानीव मालक, म्हणजे कायद्याने मालकच धरलेला, होतो आणि जबाबदारी त्याच्याकडे जाते. मी दहा रुपये फी भरून माहिती अधिकाराचा अर्ज, म्हणजे आरटीआय, टाकला: या नावाच्या आस्थापनेला असं अधिकारपत्र दिलंय का? महाराष्ट्रात आरटीआयचा अर्ज दीडशे शब्दांत आणि एकाच विषयावर असावा लागतो, त्यामुळे मोजून लिहा. सव्वीसाव्या दिवशी उत्तर आलं, अशी नोंद आढळून येत नाही.

या सगळ्याबरोबर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली होती. तिथल्या बाईंनी नीट ऐकून घेतलं, क्रमांक दिला. समोरच्याने उत्तर दिलं नाही, आणि हेल्पलाइन त्याला भाग पाडू शकत नाही. तरी ती नोंद तारखांच्या यादीत जोडता आली.

१२ एप्रिलला वकिलांकडून नोटीस पाठवली, रजिस्टर्ड एडीने, पंधरा दिवसांची मुदत देऊन. फी तीन हजार. कायद्याने नोटीस सक्तीची नाही, पण असलेली बरी. लिफाफा परत आला, ‘घेण्यास नकार’ असा शेरा मारून. मला इतकं हताश वाटलं की फोडून फेकणार होते. वकील म्हणाले, “हात लावू नका. तसाच बंद ठेवा. हा तुमचा पुरावा आहे.” नकार दिला म्हणजे नोटीस पोचली असंच धरतात. तो बंद लिफाफा पुढे आयोगासमोर ठेवला.

त्यांची पूर्ण केसची फी मला परवडणारी नव्हती. त्यांनीच सांगितलं की तक्रारदार स्वतः उभा राहू शकतो. तक्रार जून २०२४ मध्ये ई-दाखिलवर भरली. आता जानेवारी २०२५ पासून ई-जागृती हे नवं पोर्टल आलंय, तिथे भरावी लागेल. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. जिल्हा आयोगाची मर्यादा पन्नास लाखांची, आणि मुदत दोन वर्षांची. मला सगळ्यात धीर आला तो एका तरतुदीने: २०१९ च्या कायद्यानुसार तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. दर तारखेला पुण्याला जायचं नव्हतं.

दोनदा त्रुटी निघाल्या. आधी पृष्ठ क्रमांक नव्हते, मग प्रतिज्ञापत्रावर नोटरीचा शिक्का एका पानावर राहिला होता. दोन्ही वेळा रडू आलं, दोन्ही वेळा कार्यालयातल्या क्लार्कनी शांतपणे समजावलं. तक्रारीत ‘गाडी कुटुंबाच्या वापरासाठी घेतली’ हे वाक्य स्पष्ट लिहा. व्यापारी हेतूने घेतली म्हटलं की ग्राहक ठरायलाच अडचण येते.

११ जुलैला दाखलपूर्व सुनावणी होती. पहिलाच प्रश्न आला, “सामनेवाले व्यापारी आहेत हे कशावरून? करारनाम्यात तर ते साक्षीदार दिसतात.” हात थरथरत होते, पण पानं क्रमाने लावलेली होती. पान १४ आरटीजीएस, पान १५ यूपीआय, १७ ते २७ जाहिराती, २९ काकांची डिलिव्हरी नोट. मी फक्त पान नंबर सांगत गेले. दहा मिनिटांत तक्रार दाखल करून घेतली, नोटीस निघाली.

नोटीस त्याला ३० जुलैला मिळाली. लेखी कैफियतीला, म्हणजे त्याच्या उत्तराला, तीस दिवस, फार तर आणखी पंधरा. हे पंचेचाळीस दिवस पुढे ढकलता येत नाहीत, सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये तसं ठरवलंय. त्याने चव्वेचाळिसाव्या दिवशी दाखल केली. मी केवळ मध्यस्थ आहे, व्यवहार दोन खासगी व्यक्तींमधला, तक्रारदाराने गाडी चालवून बघितली, किलोमीटरची माहिती मूळ मालकाने दिली. हे शेवटचं वाक्य वाचून मला काकांसाठी फार वाईट वाटलं.

ऑक्टोबरमध्ये मध्यस्थी झाली. त्याने पन्नास हजार देऊ केले, गाडी माझ्याकडेच. घरी दोन दिवस चर्चा झाली. बाबा म्हणाले, “घेऊन टाक, जिवाला घोर नको.” इंजिनच्या दुरुस्तीचा अंदाजच ८२,००० चा होता आणि सव्वा लाखाच्या पुढे चाललेली गाडी तरी तशीच राहणार होती. मी नाही म्हटलं. तुम्हाला असा प्रस्ताव आला तर दुरुस्तीचं लेखी अंदाजपत्रक आधी हातात असू द्या, म्हणजे नाही म्हणताना डळमळायला होत नाही.

डिसेंबरमध्ये पुराव्याचं शपथपत्र दिलं. त्याच्या वकिलांनी स्क्रीनशॉटवर हरकत घेतली, म्हणून भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३(४) चं प्रमाणपत्र जोडलं, जुन्या कायद्यातलं ६५ब. कोणत्या फोनवर, कधी, कोणी काढले हे त्यात असतं, आणि नव्या कायद्यात फाइलची हॅश व्हॅल्यू (फाइलची डिजिटल ओळख) आणि तज्ज्ञाने भरायचा भागही असतो. गाडीची तपासणी स्वतंत्र सर्व्हेअरकडून करून घेतली होती, अडीच हजार. मेकॅनिकदादांनीही प्रतिज्ञापत्र दिलं, दुकान अर्धा दिवस बंद ठेवून.

मग नुसत्या तारखा. कायद्यात तीन महिन्यांत निकालाची अपेक्षा आहे, चाचणी लागली तर पाच. मला तक्रारीपासून निकालापर्यंत चौदा महिने लागले. गाडी झाकून उभी, बाबांसाठी दरवेळी भाड्याची गाडी. एप्रिलमध्ये एक तारीख त्याचे वकील आजारी म्हणून गेली, त्या दिवशी मी बसस्टँडवर बसून राहिले, घरी जावंसं वाटेना. १९ जून २०२५ ला युक्तिवाद झाला. मी लेखी युक्तिवाद चार पानांचा दिला होता, त्यामुळे तोंडी फार बोलावं लागलं नाही.

२२ ऑगस्टला निकाल आला. पैसे ज्याच्या व्यवसायाच्या खात्यात गेले, ज्याने याआधी ताबा घेतला आणि जो एकाच वेळी अनेक गाड्या विक्रीस ठेवतो, तो करारनाम्यात साक्षीदार असला तरी व्यापारीच आहे, असं आयोगाने म्हटलं. व्यापारी असल्याचं लपवणं आणि किलोमीटर चुकीचे सांगणं या दोन्हींना अनुचित व्यापारी प्रथा ठरवलं. गाडी परत घेऊन ३,८५,००० सात टक्के व्याजाने द्यावेत, त्रासाबद्दल पंधरा हजार, खर्चाचे दहा हजार, पंचेचाळीस दिवसांत. काकांना पहिला फोन केला. ते काही बोललेच नाहीत थोडा वेळ.

पंचेचाळीस दिवसांत त्याने काहीच केलं नाही. अपील करायचं तर निम्मी रक्कम भरावी लागते, तेही त्याने केलं नाही. १७ ऑक्टोबरला आदेशाच्या अंमलबजावणीसाठी दरखास्त दाखल केली. आदेश न पाळल्यास कलम ७२ खाली तुरुंगवास किंवा दंड होऊ शकतो, त्याची नोटीस गेल्यावर पैसे दोन हप्त्यांत आले. माझा खर्च, नोटरी, झेरॉक्स, प्रवास धरून साधारण अकरा हजार झाला, आणि कॉलेजमधल्या सात रजा.

२९ नोव्हेंबरला गाडी न्यायला त्याचा मुलगा आला. सोबत फॉर्म २९ आणि ३० होते, माझ्या सहीची जागा पेन्सिलने खूण केलेली, बाकी रकाने कोरे. “सही करा मॅडम, एजंट भरेल.” मी म्हटलं, आधी नाव. त्याने वडिलांना फोन लावला, पाच मिनिटं गेली, मग घेणाऱ्याच्या रकान्यात त्याने स्वतः वडिलांचं पूर्ण नाव आणि पत्ता लिहिला. आधारची प्रत घेतली, मगच सही केली. डिलिव्हरी नोट मी घरीच टाइप करून ठेवली होती. मीटरवर त्या दिवशी ५५,११२ दिसत होते. मी ते लिहिलं, आणि त्याच्याखाली ‘मीटर बदललेला आहे, सर्व्हिस नोंदीनुसार ऑगस्ट २०२२ मध्ये १,१८,४०६’ असंही लिहिलं, आणि दोन्ही प्रतींवर त्याची सही घेतली.